हातांनी विचारलेले शब्द

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर चुकांकडं काणाडोळा करावा. इंग्रजी शब्द मी कानांनी शिकले, म्हणून ते मराठीतच लिहिते.

तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत सासरे, म्हणजे मामंजी, जाजमावर बसलेले असायचे. मागं स्वयंपाकघर. हे कापडाच्या दुकानात कामाला होते. उर्दूतून शिकलेले, हिशेबाला पक्के, पण रेल्वेत बाबू व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. परीक्षेची फी आणि मास्तरांची शिकवणी, एवढा पैसा घरात नव्हता. तो शेजारच्या चाचीनं दिला. चाची शिंप्यांच्या शेरवान्या घरी आणून त्यांची काजं करायची. त्यातून लेकीच्या लग्नासाठी साठवलेले हाली, म्हणजे निजामाच्या टांकसाळीतले, रुपये तिनं यांच्या हातात ठेवले. "निकाह के पहले लौटा देना बेटा, बस," एवढंच म्हणाली. हे नापास झाले असते, तर दुकानाच्या पगारातून ते वेळेवर फिटणं शक्य नव्हतं.

मास्तर शब्द घराण्याघराण्यानं शिकवायचे. एका आठवड्याला के आणि एनचं घराणं. नाईफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दार वाजवणं, नील म्हणजे गुडघे टेकणं. मग डब्ल्यू आणि आरचं. रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे पिळणं, राँग म्हणजे चूक. पहिलं अक्षर लिहायचं, पण बोलायचं नाही. "तुझ्यासारखंच आहे ते," हे एकदा हळूच म्हणाले. "घरात असतं, पण आवाज नाही."

खरंच होतं ते. मामंजींसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्यात मी मुलखाची लाजाळू. उजेड मात्र पुढच्या खोलीतच यायचा, म्हणून हे सकाळी तिथंच पाठ करत बसायचे. मी चुलीपाशी. मधल्या दारातून आम्ही एकमेकांना दिसायचो. मास्तरांचं म्हणणं असं, की अर्थ सांगून दुसऱ्यानं शब्द विचारला तरच तो पक्का होतो. पण विचारणार कोण? ऐकून ऐकून अर्थ मलाच पाठ झाले होते. एका सकाळी हे अडले, तेव्हा मी नुसता गुडघ्यावर हात ठेवला.

"नी!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की मामंजी दचकले.

मग रोजच सुरू झालं. सुरी आमच्या घरात नव्हती, म्हणून मी विळीला बोट लावायची. पदराला गाठ मारायची, सोडायची. नसलेलं लुगडं पिळायची. बांगड्या वर सारून मनगट धरायची. यांचं चुकलं की मान हलवायची. हे लगेच "राँग" म्हणायचे आणि आम्हा दोघांना हसू यायचं. अडचण आली ती 'नो'ची. नो म्हणजे ठाऊक असणं, जाणणं. ते हातांनी कसं दाखवायचं? शेवटी मी काम थांबवून सरळ यांच्या डोळ्यांत पाहिलं. मोठ्यांच्या देखत तसं कधी पाहिलं नव्हतं. यांनी तो शब्द इतका हळू म्हटला, की मला जेमतेम ऐकू आला. त्या घरातले कितीतरी दिवस मी विसरले, ती सकाळ नाही विसरले.

परीक्षा तोंडावर आली आणि सासूबाई, आमच्या आत्याबाई, लेकीचं बाळंतपण उरकून परत आल्या. दुसऱ्याच सकाळी त्यांनी मला पाहिलं. हे दुकानात जाईपर्यंत त्या थांबल्या.

"अहो, सूनबाईचं लक्षण ठीक नाय," त्या मामंजींना सांगू लागल्या. "रिकामेच हात पिळती. विळीला बोट लावून बघत बसती. गुडघे टेकती अन् उठती. मधीच चौकट वाजवती."

"कुणी आलं असंल दारात."

"अहो, आत बसून आतूनच वाजवती! बाहेरचं झालंय तिला."

चाचीला हाक गेली. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. "असर है दुल्हन पे. दरगाह ले चलो."

"दर्ग्याला मागून नेऊ. आधी माहेरी धाडते. दुपारी सोयगावकडं बैलगाडी निघतीय. तिथला जाणता बघंल महिनाभर."

महिनाभर! तोवर परीक्षा होऊन गेली असती. हे दुकानात. चाची मला पाणी पाजत होती, आणि तिचेच रुपये माझ्यासोबत त्या गाडीत बसून निघाले होते. माझं गाठोडंही बांधून झालं.

मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात गेले. लग्न झाल्यापासून मामंजींशी आपणहून बोलले नव्हते.

"मामंजी, मला काही झालं नाही. ते इंग्रजी आहे."

"कसलं इंग्रजी?"

"गुडघा म्हणजे नी. गाठ म्हणजे नॉट. मनगट म्हणजे रिस्ट. तुमच्यासमोर यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून हातांनी विचारते. मी गेले तर यांना विचारायला कुणी नाही. आणि चाचीचे पैसे..."

"बघा, कशी बोलायलीय!" आत्याबाई म्हणाल्या. "भूत साहेबाचं हाय!"

मामंजींनी आपला सुजलेला गुडघा चोळला. "याला काय म्हणलीस?"

"नी."

"इतकी वर्षं दुखतोय, नाव आज कळलं." ते हसले. "गाडीवाल्याला जा म्हणावं. अन् सूनबाई, उद्यापासून तोंडानं विचार. मी इथं नाय असं समज."

"अगे, जिन्न पढ़ाता भी है!" चाची ओढणी तोंडाला लावून हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी माझा आवाजच फुटेना. "मोठ्यानं. मलाबी ऐकू दे," मामंजी म्हणाले. चार दिवसांत तेच आत्याबाईंना "'नी'ला तेल लाव" म्हणू लागले. पण यांना हातांचीच सवय जडलेली. परीक्षेत एक शब्द आठवेना, म्हणून यांनी बाकाखाली रुमाल पिळला. देखरेखीच्या साहेबाला वाटलं, रुमालात चिठ्ठी आहे. त्यानं तो झटकून पाहिला. तेवढ्यात यांना शब्द आठवला.

हे पास झाले, रेल्वेत लागले. दर पगाराला मी चाचीकडं थोडे थोडे रुपये नेऊन द्यायची. शेवटचे घेऊन गेले, तेव्हा तिच्या लेकीला हळद लागायला आठवडा उरला होता. बाजेवर लाल दुपट्टे पसरलेले. चाची म्हणाली, "गिनना क्या? तू लाई है ना."

"नको, मोजा चाची."

तिनं दुपट्टे बाजूला सारले, एकेक रुपया बाजेवर ठेवत मोजला आणि म्हणाली, "पूरे हैं."