पंपाची रंगीत तालीम

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या काकूंनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. बाकीचं नंतर.

बहिणीमुळे अमेरिकेत आलो तेव्हा शिक्षण जेमतेम नववी. काकू एका छोट्या कंपनीत सीनियर इंजिनिअर. सलाइनमधून औषध सोडणारा पंप तिथे बनायचा. त्यांनी शब्द टाकला आणि मला पंपाची बटणं दाबून बघायचं काम मिळालं. मग कळलं, की बटणं दाबणारी माणसं बंद. पंपातलं सॉफ्टवेअर आता कॉम्प्युटरवरच्या खोट्या पंपात चालवून तपासणार. म्हणजे मीही बंद. काकूंनी मला शेजारी बसवून हे नवं काम शिकवलं.

"नाटकाच्या तालमी बघितल्यास ना? आधी नुसतं वाचन. त्यात कपडे बदलायला वेळ लागतच नाही. वरच्या पातळीचं सिम्युलेशन, म्हणजे वरवरचा खोटा पंप, तसलं; वेळ मोजतच नाही. खालच्या पातळीवर चिपचा एकेक ठोका मोजायचा. ती रंगीत तालीम."

खालची पातळी इतकी संथ, की पंपाचा एक सेकंद सरेपर्यंत आमचं जेवण उरकायचं. मी सारखा विचारायचो, "काकू, हँग झालं का?"

"नाही रे बाबा. आधी डबा खा, मग रड."

वरच्या पातळीवर नळीत हवा शिरली की अलार्म लगेच वाजायचा. तोच प्रयोग मी खाली लावला. अलार्म वाजला, पण हवा पेशंटकडे निघून गेल्यावर. चिप स्क्रीनवरचे आकडे रंगवण्यात गुंतलेली, अलार्म मागे ताटकळलेला. पंप विकायला जायची तारीख तर तोंडावर. असली बातमी नेणाऱ्याचं काय होतं, हे कळायला दहावी लागत नाही. मी काकूंना स्क्रीन दाखवली.

"तू गप्प बसायचंस," काकू म्हणाल्या. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. हा रन मी केला, असं मी सांगणार."

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, वरच्या पातळीवर पास झालंय ना, मग? काकू हटल्या नाहीत. पंपाची विक्री थांबली. पुढच्याच महिन्यात कपात झाली, त्यात काकू. सामानाचा खोका त्यांनी स्वतःच उचलला. सिक्युरिटीवाला दारापर्यंत मागे. मला ठेवलं, कारण माझा पगार कमी.

अजूनही ईमेल उघडताना वाटतं, आता माझा नंबर. त्यांना या वयात नवं काम कोण देणार? फोनवर म्हणतात, "अरे, निवांत आहे मी." आवाज निवांत नसतो.

काकू, हे माझ्यावर राहिलं. नीट शिकेन, कुठेतरी पक्का होईन, आणि एक दिवस तुमच्यासाठी कुणापुढे तरी असाच उभा राहीन.