चार वाजेपर्यंतची जोडणी

मी बटालियनमध्ये रेडिओ मेकॅनिक होतो. हुद्दा लान्स नायक, गाव राजेश्वर. त्या हिवाळ्यात आमची कंपनी सीमेवरच्या एका पहाडी चौकीत होती. ऑपरेटर नायक शिवप्पा मुडबीचा, म्हणजे आमच्याच बसवकल्याण तालुक्यातला. मी त्याला अण्णा म्हणायचो. पोस्टवर मराठी बोलायला आम्ही दोघंच.

त्या दिवशी 0700 वाजता त्याचा वायरलेस सेट बंद पडला. आतली रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी जळाली होती. ती सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेली. त्या मापाचे सुटे भाग माझ्या पेटीत नव्हते, वेगळ्या मापाचे होते. ते पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडले तरी तेच काम होईल, असं गणित मी कागदावर मांडलं आणि सोल्डर केलं. सेट बोलायला लागला. मी भलताच फुशारलो.

"लई डोकं हाय रं तुला," अण्णा म्हणाला. "पेट्रोलिंगला ह्योच घिऊन जायलोय."

"जा अण्णा. काळजी न्हाई."

ते गणित एकाच फ्रिक्वेन्सीला खरं असतं. फ्रिक्वेन्सी बदलली की ती जोडणी कुचकामी. हे मला शिकवलेलं होतं. आमची फ्रिक्वेन्सी रोज 1600 वाजता बदलायची.

गस्तीची तुकडी चार जणांची. 1630 पर्यंत त्यांनी चौकीखालचा नाला ओलांडायचा होता. 1530 ला त्यांचा रिपोर्ट आला. 1600 नंतर काहीच आलं नाही. 1640 ला धुक्यात, नाल्यात हालचाल दिसली.

"आपले लोक एव्हाना पार झाले असणार," मेजरसाहेब हिंदीत म्हणाले. "उशीर असता तर बोलले असते. सेट ठीक आहे ना?"

तेव्हा मला सगळं आठवलं. सांगितलं असतं तर चौकशी झाली असती, मिळायची असलेली दुसरी फीत, म्हणजे बढती, गेली असती.

"ओके आहे, सर."

"मॉर्टर, फायर."

सहा बॉम्ब. 1730 ला आम्ही खाली उतरलो. चौघंही आपलेच. एकाच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती, त्यानंच उशीर झाला असणार. अण्णाच्या मुठीत मायक्रोफोन होता. सेटचे तुकडे झाले होते, त्यामुळे चौकशीत माझं नाव आलं नाही. वर्षाच्या आत मी नायक झालो.

रजेत मुडबीला गेलो. अण्णाच्या आईनं भाकरी वाढली आणि समोर बसली.

"शेवटाला काय बोलला रं माजा ल्योक?"

1530 च्या रिपोर्टनंतर, नियम मोडून, तो वायरलेसवर मराठीत बोलला होता. तेवढं मी खरं सांगितलं.

"'तुजा सेट झकास चालायलाय बघ,' म्हणला."

"तू नीट करून दिल्याला व्हय?"

"व्हय."

तिनं माझे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. "ह्या हातानं शेवटपातूर सोबत केली माज्या लेकराची," म्हणाली आणि रडायला लागली. मी हात सोडवून घेतले नाहीत.