शेंदराखालची रंधा मशीन

या, जवळ सरकून बसा. आधी बोलणी खा, मग चहा. आठवडी बाजारात साधा माठ घ्यायचा तर तुम्ही तो उचलता, बोटानं वाजवता, कानाशी धरता, कुंभाराशी भांडता. आणि माणसाची बोटं घेऊन जाईल असली लोखंडी मशीन मात्र मोबाइलवर बघून घेता. का, तर स्वस्तात मिळाली! किती वेळा सांगायचं रे बाबांनो? माझ्या भाच्यालाही मी हेच सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मशीन घेऊन आला.

मी त्याच्या गावी, ताडकळसला पोचले तेव्हा ती मशीन त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला पाठ लावून उभी होती. अंगावर शेंदूर, वर झेंडूचा हार, पायाशी नारळाची करवंटी. ज्ञानू, म्हणजे माझा भाचा, शेजारी तोंड पाडून उभा. त्याची आई, माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती मशीनीपुढं उदबत्ती लावत होती.

"मावशी, मशीन फळीच्या टोकाला खड्डा पाडायलीय," ज्ञानू म्हणाला.

"कुठल्या कंपनीची हाय?"

"म्हाईत न्हाई."

"ब्लेड केवढी उघडी ठेवलीस?"

"मोजली न्हाई."

"मग घेताना बघितलंस काय?"

"चालू करून दावली की त्यानं. व्हिडिओत."

मी कपाळाला हात लावला. सेलूला आमचं फर्निचरचं दुकान आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, होते तोवर मशीनी ते बघायचे, मी हिशोब आणि गिऱ्हाईक. ते गेल्यावर मशीनी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. मग एकेक खोलली, बिघडवली, पुन्हा जुळवली. मला कुणी शिकवलं नाही, बिघडलेल्या मशीनींनीच शिकवलं. आता जुनी मशीन घ्यायची म्हटली की आसपासचे सुतार मला बोलावतात. घ्यायच्या आधी बोलावतात. माझा भाचा तेवढा घेतल्यावर बोलावतो.

रंधा मशीन म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोणी तिला जॉइंटर म्हणतं, कोणी सरफेस. लाकडाची फळी वाकडी असते. हातरंध्यानं ती सरळ करायला जीव जातो. ह्या मशीनीत दोन लोखंडी बेड असतात, एकापुढं एक, आणि मधल्या फटीत ब्लेड लावलेला ड्रम गरगर फिरतो. फळी पहिल्या बेडवर ठेवायची, ड्रमवरून ढकलायची, ती तासून दुसऱ्या बेडवर जाते. ब्लेड जिथं चालते तिथून माणसाचा हात वीतभर लांब असतो. म्हणून ह्या मशीनीशी मस्करी नाही.

ज्ञानूला घाई होती. परभणीत एका मालकाकडं तो पॉलिश आणि फिटिंग करायचा. ती नोकरी सोडून त्यानं गावात शेड टाकलं. पहिलंच मोठं काम म्हणजे शाळेतल्या गुरुजींच्या नव्या घराची दारं-खिडक्या. गुरुजींची वास्तुशांती ठरलेली, पत्रिका वाटून झालेल्या. दारं वेळेत बसली नाहीत तर गावात दुसरं काम मिळणार नव्हतं, आणि पुन्हा त्याच मालकापुढं जाऊन उभं राहावं लागणार होतं.

पहिल्यांदा मी काय केलं, तर बोर्डातली फ्यूजची ग्रिप उपसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. ड्रमला हात लावायचा तर वीज आपल्या ताब्यात पाहिजे. मग बेडवर लांब पट्टी ठेवली. दोन्ही बेड एका रेषेत. पहिल्या बेडखाली पत्र्याचे तुकडे सारलेले.

"हे कुणी घातले?"

"म्याच," तो खुशीत म्हणाला. "एक बेड खाली बसला होता. मंग लेव्हल लावली, तुकडे घातले, दोन्ही सारखे केले."

अरे देवा! पहिला बेड खालीच पाहिजे. जेवढा तो खाली, तेवढं लाकूड तासून निघतं. दुसरा बेड ब्लेडच्या उंचीला पाहिजे, म्हणजे तासलेली फळी त्यावर नीट टेकते. ह्यानं गवंड्यासारखी लेव्हल लावून दोन्ही सारखे केले. मग साहजिकच लाकूड निघेना. तर ह्यानं काय करावं? ब्लेडच बाहेर ओढली! आता फळी दोन्ही बेडच्या वर तरंगणार, आणि शेवटाला धप्पकन ब्लेडवर पडून खड्डा पाडणार. मशीनीचा काही गुन्हा नव्हता. गुन्हेगार हारापलीकडं उभा होता.

पत्रे काढले. ब्लेड आत घेतली, दुसऱ्या बेडशी जुळवली. ग्रिप लावून एक टाकाऊ फळी फिरवली. टोकाला खड्डा नाही. ज्ञानूचा चेहरा असा खुलला की जणू मशीन त्यानंच दुरुस्त केली.

"झालं की मावशी! आता चहा पी अन् तू आराम कर."

"थांब. आवाज ऐकायलास का?"

"मशीन हाय, आवाज येणारच."

आवाज मशीनीचा नव्हता. आतून टक टक येत होती, फळी पुढं गेली की जास्त. मी मशीन बंद केली, ग्रिप पुन्हा पदरात. ड्रम दोन्ही टोकांना बेअरिंगवर फिरतो आणि ते बेअरिंग ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यात बसलेलं असतं. त्याला ब्लॉक म्हणतात. एक ब्लॉक पुढच्या बाजूला, एक मागं भिंतीकडं. मी पाना घेतला आणि पुढचा ब्लॉक हलकेच वाजवला. खण्ण. मग भिंतीकडच्या फटीत हात घालून मागचा वाजवला. बद्द.

फुटका माठ कसा वाजतो? तस्सा.

"शेंदरानं आवाज बसलाय," ज्ञानू लगेच म्हणाला. "मागं थर जास्त हाय ना."

"मग थर काढून बघू."

एवढं बोलायची खोटी, अक्का मधे येऊन उभी राहिली. "खबरदार! खंडेनवमीची पूजा हाय ती, आधीच्या घरची. वर्सावर्साची. देवाचं अंग खरडतेस व्हय गं?"

आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. करवत, रंधा, पटाशी, नांगर, जे पोटाला देतं त्याला हळद-कुंकू. मोठ्या मशीनीला कोणी शेंदूरही लावतं. ते मला मान्य आहे, मीही करते. पण शेंदरावर शेंदूर चढत जातो, आणि त्याच्याखाली कंपनीची पाटी जाते, नंबर जातो, तेलाची भोकंसुद्धा बुजतात. जुनी मशीन ओळखायची कशी मग?

"अक्का, आत तडा असला तर?"

"देवाच्या मशीनीला तडा कसा जाईल?"

तेवढ्यात गुरुजी आले. सायकल लावली, चप्पल दारात काढली, कारण मशीनीपुढं उदबत्ती होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्ञानोबा, भटजी विचारायलेत. दाराची पूजा करायची तर दार पाहिजे. मशीन चालू होती ना आत्ता?"

"होती की. मावशीनं ग्रिप काढली."

"ताई, मग लावा ना ग्रिप."

"गुरुजी, ह्याची बोटं गेली तर तुमच्या दाराला कडी कोण बसवणार?"

"मावशी, तू लय भेतीस," ज्ञानू वैतागला. "दे की ग्रिप. दार झालं की बघू शेंदराचं."

तिघं एका बाजूला, मी एका बाजूला. मी बेजार झाले. ग्रिप देऊन टाकावी आणि संध्याकाळच्या गाडीनं सेलू गाठावं, असं मनात आलं सुद्धा. पण त्या मागच्या ब्लॉककडं माझं लक्ष राहून राहून जात होतं. शेवटी मी अक्कालाच विचारलं.

"अक्का, तू मारुतीला शेंदूर कुठून लावतेस?"

"म्हंजी? समोरून."

"पाठीला लावतेस का? भिंतीकडून?"

"तिथं कुणाचा हात जातोय?"

"मग ह्या देवाला पुढून पातळ अन् पाठीमागं जाड शेंदूर कुणी लावला? तोही भिंतीकडच्या फटीत हात घालून?"

अक्का वाकली. पुढच्या ब्लॉकवर बघितलं. तिथं वर्षानुवर्षांचे थर होते, काळपट, मधे हळदीचे पट्टे. मग मागं बघितलं. एकच जाड थर, एकाच रंगाचा, नवा कोरा. ती सरळ झाली. तिचा चेहरा बघून ज्ञानू दोन पावलं मागं सरला.

"ही पूजा न्हाई," अक्का म्हणाली. "ही लबाडी हाय."

"तरी खरडायचं तर रीतीनं खरडू," मी म्हटलं. "मारुतीनं शेंदराची खोळ टाकली की ती गंगेला सोडतात ना? आपण बी तसंच करू."

हे तिला पटलं. हात जोडले, नारळ फोडला, आणि स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गुरुजींना परात धरून उभं केलं. ते गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला सोडायचं असल्यामुळं खाली सांडायचं नव्हतं, आणि गुरुजी बिचारे धोतर सावरत परात धरून राहिले.

मागच्या ब्लॉकवरून शेंदराचा पापुद्रा निघाला, त्याखाली गाडीच्या पत्र्याला भरतात तसली लांबी, म्हणजे पुट्टी निघाली, आणि लांबीखाली तडा. ब्लॉकच्या वरून खालपर्यंत, बोल्टाच्या भोकातून गेलेला. सागाची जड चौकट त्यावरून ढकलली असती तर ड्रम उडाला असता, ब्लेडसकट. ज्ञानू कुठं उभा राहतो? बरोबर समोर. त्यानं स्वतःची बोटं मुठीत मिटून घेतली.

विकणाऱ्या दलालाला मी फोन लावला.

"बाई, तडा वगैरे मला म्हाईत न्हाई. तुमी शेंदूर काढला का?"

"काढला म्हणून तर दिसलं!"

"मंग वापस होणार न्हाई. देवाला हात लावलेला माल आमी घेत न्हाई."

बघा म्हणजे! फोनच ठेवून दिला मी. भांडायला नंतर ज्ञानू गेला, आणि हात हलवत परत आला.

एक बरं झालं. खरडल्यावर ब्लॉकवर ओतलेला नंबर दिसला. कंपनीची पाटी काही सापडली नाही, ती केव्हाच कुणीतरी काढली होती. पण नंबरावरून कळलं की हा बाजारात मिळणारा साधा ब्लॉक आहे, असले ब्लॉक सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनींनाही असतात. आणि सेलूत कापसाच्या जिनिंगला काय तोटा? मी ज्ञानूला घेऊन सेलूला आले, जिनिंगचं जुनं सामान विकणाऱ्याकडं गेलो. त्यानं पुढं केलेला पहिला ब्लॉक मी पान्यानं वाजवला. बद्द. बाजूला ठेवला. दुसरा वाजवला.

"मावशी, माठ घ्यायलात का काय?" तो दुकानदार हसला.

"व्हय. पाणी गळायला नको," मी म्हटलं, आणि तिसरा खण्ण वाजला तो घेतला. नवं बेअरिंग घातलं.

ताडकळसला जाऊन बसवला, ड्रम हातानं फिरवून बघितला, बेड पुन्हा जुळवले. टकटक गेली. मग पदराची गाठ सोडून ग्रिप ज्ञानूच्या हातात दिली.

वास्तुशांतीला गुरुजींचं पुढचं दार तेवढं तयार झालं. पूजा दणक्यात झाली. आतल्या खोल्यांना दारांच्या जागी चादरी लावल्या होत्या, आणि गुरुजी येणाऱ्या प्रत्येकाला चादर बाजूला करून, "हे बेडरूम," असं सांगत होते. चिडले होते, पण बाकीचं काम ज्ञानूकडून काढलं नाही. दारं मागाहून गेली. परभणीच्या मालकाकडं ज्ञानूला जावं लागलं नाही. बोटं दहाच्या दहा आहेत. अक्का आता खंडेनवमीला मशीनीला फक्त कुंकवाचं बोट लावते, तेही पुढच्या पत्र्यावर. ब्लॉककडं हात नेला की ज्ञानूच ओरडतो, "आई, तिथं न्हाई!"

एवढ्यावरून मी शिकले ते एवढंच: देवाला नमस्कार समोरून करावा, मशीन मात्र मागून बघावी.

बरं, चहा गार झाला तुमचा. पुन्हा घालते. आणि असे वर्ष-वर्ष तोंड न दाखवता राहू नका. सेलू काही लांब नाही, स्टेशनवर उतरलं की दुकान कुणीही दाखवील. दिवाळीची वाट बघू नका, लवकर या. आणि एखादी जुनी मशीन मनात भरली असेल तर आधी या, मग घ्या.