दुसरं पोतं

मुरुमच्या स्टँडवर पुण्याची एसटी सुटताना आईनं खिडकीतून ज्वारीचं गाठोडं आत ढकललं आणि म्हणाली, "तिथं काय बी घेताना दाताखाली धरून बघ. तसंच घिऊ नगस." नोकरीसाठी शहरात निघालेल्या मुलीला बाकीच्या आया जपून राहा म्हणतात, माझी आई धान्याचं सांगत होती. गाडीतले लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यामागचं सगळं मला माहीत होतं. गावात राहिलेल्या तुम्हालाही ते माहीत आहे. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांसाठी लिहून ठेवते.

मुरुमच्या पेठेतल्या शेठचं दुकान स्वस्त होतं, हे आधीच सांगते. डाळ, तेल, गूळ चार पैशांनी कमीच, तोलायला झटपट, वर पोरांना गुळाचा खडा. पण आम्ही बौद्ध. आम्ही पायरीखाली उभं राहून पदर पसरायचा आणि शेठ वरून ओतणार. गुळाचा खडाही वरूनच पडायचा. धान्याला हात लावायची सोय नव्हती, किडकं निघालं तर घरी निवडत बसायचं.

बहात्तरच्या दुष्काळात आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सरकारनं वाटलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाऊन आम्हाला जगवलं. त्यातून जरा सावरलो तेव्हा मुरुमला सोसायटीचं दुकान निघालं. भाव फळ्यावर लिहिलेले, रांग सगळ्यांना एकच. तोलणारे काका मात्र एवढे संथ, की माणसानं घरी जाऊन जेवून यावं.

पहिल्या दिवशी आई सवयीनं पायरीखालीच थांबली आणि तिनं पदर पसरला. काका चष्म्यावरून बघत ओरडले, "ओ बाई, तिथून कसं मोजू? वर या की!"

आई वर गेली. ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं तळातली मूठ काढली, एक दाणा चावला आणि म्हणाली, "ही किडकी हाय. दुसरं पोतं खोला."

आता हिला हाकलतात, म्हणून मी तिचा पदर ओढला. काकांनी स्वतः दाणा चावला, थुंकला आणि दुसरं पोतं खोललं. मागं उभी असलेली पाटलाच्या घरची बाई म्हणाली, "आमाला बी त्यातलीच द्या."

आबा, म्हणजे माझे वडील, पुढं कितीदा कुरकुरले, "शेठकडं स्वस्त हाय की. चार पैसं जास्ती दिऊन तिथं काय मिळतंय?"

"हात घालून बघाया मिळतंय," आई म्हणायची. यावर आबा तंबाखू मळायला घ्यायचे.

पुण्यातले दुकानदार गोड बोलायचे, सामान घरपोच द्यायचे. एकदा मी पोत्यात हात घातला तर एक जण म्हणाला, "ताई, हात नका लावू." याला माझी जात कळली की काय, म्हणून मी तिथंच थांबून बघत राहिले. मागच्या बाईलाही त्यानं तेच सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी दुकान बदललंच.

पुढं मॉल आले. थकलेली आई राहायला आली तेव्हा तिला एका मॉलमध्ये नेलं. एसीनं ती गारठली, पण ज्वारीचं पाकीट दिसताच तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि दातानं कोपरा फाडला. तिथली मुलगी धावत आली. "आजी, हे फोडायचं नसतं!"

"मग आत काय हाय ते कळायचं कसं गं?" आईनं दाणा चावला. "लई जुनी हाय."

फाडलेल्या पाकिटाचं बिल करताना खरं तर मला लाज वाटायला हवी होती. पण मान ताठ होती.

आता आई नाही. पुण्यात माझा फ्लॅट आहे, रेशन कार्डही इथलंच. तरी गाव कुठलं विचारलं की मी मुरुमच सांगते. तिथं आता आमचं घर नाही, शेत तर कधी नव्हतंच. पण भर रांगेत दुसरं पोतं खोलायला लावणाऱ्या बाईची मी लेक आहे, आणि ती रांग मुरुमची होती.