कपाळाने पाहिलेला खडक

ड्रेस्डेनला शिकताना दर रविवारी एस-बान या लोकल गाडीत एक जर्मन आजोबा भेटत. सत्तरीचे, खांद्यावर दोर घेतलेले. वालुकाश्माचे सुळके चढायला मला त्यांनीच शिकवले. नाव विचारायचे मात्र राहून गेले. पावसानंतर ते आधी खडकाला तळहात लावून बघत, कारण ओला वालुकाश्म धरला की हातातच तुटतो.

माझा तिथला शेवटचा रविवार आला आणि नेमका आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. चढायला मिळावे म्हणून मी खडकाला कपाळ टेकवून नमस्कार केला.

"कपाळाने बघतोस? हुशार आहेस," ते म्हणाले. "तळहाताला घाम असतो."

नमस्कार समजावण्याइतके जर्मन मला येत नव्हते. मी "या, गेनाऊ", म्हणजे "हो, बरोबर", एवढेच म्हणालो.

त्यांनीही डोळे मिटून कपाळ टेकवले. "ओला आहे. आज नाही."

"पण आज माझा शेवटचा दिवस आहे."

"तुझा आहे. खडकाचा नाही."

मग येणाऱ्या प्रत्येकाला अडवून ते सांगू लागले, "भारतात कपाळाने बघतात." दुपारपर्यंत नऊ जर्मन गंभीर चेहऱ्याने खडकाला डोके टेकवून परत गेले. माझे चढणे हुकले होते, तरी हसून हसून पोट दुखत होते.