दोन घरांचा एक दिवा
करडीच्या तेलातल्या वातीचा वास आला की मला तो दिवस आठवतो. निंबर्ग्यात आमच्या गल्लीतली सगळी घरं दगडमातीची, माळवदाची, एकमेकांना टेकलेली. आमच्या आणि शेजारच्या घराची भिंत एकच होती आणि तिच्यात आरपार कोनाडा होता. तिथल्या दिव्याचा उजेड दोन्ही घरांत पडायचा. तेल एक दिवस त्यांचं, एक दिवस आमचं. गुलबर्ग्याला नोकरी लागल्यावर शेजारच्या मुलानं घर पाडून स्लॅब घालायचं ठरवलं. भिंतीला पहार लागली तसे माझे सासरे धावले. "कामून पाडायलास रं? आमच्या तुळया हिच्यावरच हाईत. ही गेली तर सगळी गल्ली जाईल." तो खाली बघत म्हणाला, "व्हय अप्पा, भिंतीला हात लावणार न्हाई." त्यानं शब्द पाळला. बांधकामात वाऱ्यानं विझतो म्हणून बंद ठेवलेला दिवा मी त्यांच्या घरभरणीच्या संध्याकाळी पुन्हा लावला आणि कोनाड्यात सरकवला. तो पलीकडच्या ताज्या सिमेंटला जाऊन टेकला. सासऱ्यांनी भिंत मागितली होती. कोनाडा मागायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आज गल्लीत जुनं असं आमचं घर आणि ती भिंत, एवढंच उरलंय. दिवा मी अजून रोज लावते. उजेड सगळा आमच्याच घरात पडतो.