देशाच्या बँकेचा एक शेअर

गल्लीत सगळे त्यांना 'मालक' म्हणायचे. त्यात निम्मी थट्टा असायची, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण उरलेल्या निम्म्यावर गडी खूश होता. धंदा म्हणाल तर प्लंबरचा. उभा जन्म लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात आणि बेसिनखाली आडवं पडून गंजके नट सोडवण्यात गेलेला, दुकान म्हणजे हातातली पत्र्याची पेटी. मग मालक कसले? तर देशाच्या मध्यवर्ती बँकेचे! जिथून नोटा निघतात, बाकीच्या बँका जिच्यापुढे हात जोडून उभ्या राहतात, त्या बँकेचे. तिचा शेअर होता त्यांच्याकडे. एक.

हो, एकच. पण होता ना! बँक काढली तेव्हा सरकारने निम्मे शेअर स्वतःकडे ठेवले आणि निम्मे लोकांना विकले. त्यातला एक मालकांच्या वस्तादांनी घेतला होता. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी पान्हे, पेटी आणि शेअर सगळं या लाडक्या चेल्याच्या हवाली केलं. लाभांश यायचा तो इतकासा, की बायको म्हणायची, "अहो, तुमच्या बँकेचे पैसे आलेत, आता साबणाची वडी आणा." मालक हसायचे. पैशासाठी कोण ठेवतंय तो कागद? वर्षातून एकदा भागधारकांची सभा असायची. त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, लग्नातला कोट चढवून ते बँकेच्या पुढच्या दाराने आत जायचे आणि तिथला दरवान त्यांना सलाम ठोकायचा. तेवढ्यावर स्वारी वर्षभर हवेत.

सूनबाई त्याच इमारतीत रोज जायची, पण मागच्या दाराने. ती बँकेच्या कँटीनमध्ये कामाला होती. नोकरी तिने आपल्या हिमतीवर मिळवलेली. सासऱ्यांच्या शेअरचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. मुलगा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मालकांचं काम बंद होतं. घर चालायचं ते सूनबाईच्या पगारावर, आणि मालकांच्या गुडघ्यांचं औषधही त्यातूनच यायचं.

एका संध्याकाळी ती घरी आली ती तोंड पाडून. कँटीन बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं ठरलं होतं. जुन्या बायकांतल्या कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, ते तो बघणार.

"विचारलं कुणाला?" मालक कडाडले.

"आम्हाला कोण विचारतंय, बाबा? भिंतीवर नोटीस लावली आणि झालं."

"थांब. सभा आलीच आहे. मी बघतो. बँक कुणाची आहे?"

बायकोने कपाळाला हात लावला. "तुमचा तो एक शेअर! त्यावर काय पानही हलणार नाही तिथं."

"एक असो नाहीतर हजार. मालक तो मालक."

झालं! म्हातारा बोलून बसला. सूनबाई भाबडेपणाने कँटीनमध्ये ते सांगून बसली. मग भाजी घ्यायला गेलेल्या मालकांना कँटीनमधली एक वयस्क बाई भेटली. नवरा अंथरुणाला खिळलेला, ही एकटी कमावणारी. मालकांचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "आमचंही बघा हं." मालकांनी मोठ्या ऐटीत मान डोलावली खरी, पण भाजी न घेताच घरी परतले.

सभेच्या आदल्या दिवशी सूनबाई त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, रागावू नका. उद्या काही बोलू नका. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, आरडाओरडा न करणाऱ्यांना ठेवू. माझं नाव आहे म्हणे त्याच्या मनात."

चार लोकांत दिलेला शब्द एकीकडे, आणि घरातली चूल एकीकडे. "बरं," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सभागृहात नेहमीचीच मंडळी होती. बरेचसे म्हातारे, त्यातले काही पहिल्या भाषणातच पेंगायला लागलेले. मंचावर गव्हर्नरसाहेब, शेजारी संचालक, टोकाला सचिव. अहवाल वाचून झाला. हिशेब तपासनीस कोण नेमायचा यावर सगळ्यांनी कार्डं वर केली, मालकांनीही केलं. मग साहेबांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" दरवर्षीप्रमाणे कुणी उठलं नाही. चहा आला.

ट्रे घेऊन सूनबाई रांगेतून येत होती, नजर खाली. तिच्यामागे ती भाजीबाजारातली बाई. ती मालकांकडे बघत होती, एकटक. आणि काय सांगू, उठायचं नाही असं ठरवून बसलेला माणूस उठला.

"साहेब, मी भागधारक. कँटीनच्या बायकांना असं काढायला माझी हरकत आहे. मतं घ्या."

गव्हर्नरसाहेब माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून शांतपणे म्हणाला, "आजोबा, तुमची कळकळ समजते. पण भागधारकांनी मत द्यायचं ते तपासनीस आणि लाभांश यांवर. बाकी कारभार संचालक मंडळाचा."

"आणि संचालक कोण नेमतं?"

"बहुतेक सगळे सरकार. मलाही सरकारनेच नेमलंय."

"म्हणजे टाकी आमच्या गच्चीवर, आणि कॉक तुमच्या हातात!"

सभागृह हसलं. चांगल्या मनाने हसलं, म्हणून तर जास्त लागलं. मालकांचा आवाज खाली आला. "मग ही बँक कुणाची हो?"

"शेअर कुणाकडेही असोत, आजोबा, बँक सगळ्या देशाची आहे. म्हणून तर ती भागधारकांच्या हातात देत नाहीत."

आणि खोटं नव्हतं ते! उद्या एखादा धनदांडगा सगळे शेअर विकत घेऊन नोटा किती काढायच्या हे ठरवायला बसला, तर चालेल का कुणाला? मालकांनाही ते पटलं, तीच तर पंचाईत. इतकी वर्षं मिरवलेली मालकी सगळ्यांदेखत गळून पडली आणि त्यांना खाली बसायचंही सुचेना.

"देशाची म्हणजे माझी पण ना, साहेब?"

सूनबाई! रांगेत मधोमध उभी. ट्रेमधले कप थरथरत होते. गप बस पोरी, मालक मनात ओरडले, गप बस, तुझं नाव आहे ना त्याच्या मनात! पण पाय भलतंच करून गेले. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या हातातला ट्रे त्यांनी आपल्या हातात घेतला.

हात मोकळे झाल्यावर तिचा आवाज स्थिर झाला. "लग्नाआधीपासून मी इथे चहा देते. माझ्याकडे शेअर नाही. पण बँक देशाची असेल तर मीसुद्धा मालकच की. मग मला न विचारता माझं काम दुसऱ्याला कसं दिलं?"

साहेबांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव म्हणाले, या सभेत फक्त भागधारकांना बोलता येतं. नियमाला धरूनच होतं ते. सभा संपली. लोक उठले आणि जाता जाता मालकांच्या हातातल्या ट्रेमधून चहा उचलून घेऊ लागले.

कंत्राटदाराने त्या वयस्क बाईला ठेवलं. सूनबाईला नाही. तिला एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, लांबचं आणि कमी पगाराचं. मालकांनी पेटी पुन्हा बाहेर काढली आणि गुडघ्यांना शिव्या घालत बेसिनखाली शिरायला लागले.

"माझ्यापायी गेली तुझी नोकरी," एकदा ते बोललेच.

"वा रे वा! मी बोलले म्हणून गेली. तेही श्रेय तुम्हीच घेणार का, बाबा?"

किती दिवसांनी घरात कुणी हसलं असेल. मग एका सकाळी मालक कोट घालून बँकेत गेले आणि शेअर सूनबाईच्या नावावर करून आले. "मुलगा असताना सुनेला?" बायकोने विचारलं. "त्याला काही विचारायचं नाहीये," मालक म्हणाले, "हिला विचारायचंय."

पुढच्या सभेला सूनबाई पुढच्या दाराने आत गेली. मालकांना आता आत जागा नव्हती. ते बाहेरच्या दालनात ड्रायव्हर लोकांबरोबर बाकावर टेकले. आतलं बोलणं भिंतीवरच्या कर्ण्यातून ऐकू येत होतं. अहवाल झाला, तपासनीस झाला. कुणाला काही विचारायचंय का, साहेबांनी विचारलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मालकांनी शेजारच्या ड्रायव्हरला हाताने गप्प केलं.

"साहेब, आता मी भागधारक आहे," सूनबाई म्हणाली. "माझं गेल्या वर्षीचं उत्तर राहिलंय."